जपानी आणि अमेरिकी वाद्ये आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर कशी चालवावीत

परदेशातून आणलेला सिंथेसायझर, ड्रम मशीन, ऑक्टोपॅड किंवा इफेक्ट युनिट पहिल्यांदा बोर्डात लावण्यापूर्वी त्याच्या पाठीवरची किंवा तळाची छोटी पट्टी वाचणे आवश्यक आहे. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. जपानमध्ये ती १०० व्होल्टची, तर अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. टोकियोतील ओचानोमिझूसारख्या वाद्यांच्या बाजारपेठेतून घेतलेले जुने यंत्र किंवा न्यू जर्सीतल्या मावशीने येताना आणलेला कीबोर्ड कितीही उत्तम स्थितीत असला, तरी आपल्या बोर्डात थेट लावल्यास पहिल्याच क्षणी त्याचा वीजपुरवठा जळू शकतो.

हा धोका आपल्याकडे अधिक आहे, कारण आपल्या घरातला बोर्ड कोणत्याही चुकीला अडवत नाही. जपानी आणि अमेरिकी प्लगला दोन चपट्या पिना असतात. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ‘सगळे प्लग बसतात’ अशा एक्स्टेन्शन बोर्डात त्या अगदी सहज बसतात. बाजारात मिळणारा प्रवासी प्लगही केवळ पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. प्लग बसला म्हणजे वीज जुळली, असे कधीही गृहीत धरू नये.

दुबई, इंग्लंड किंवा युरोपातून आणलेल्या वाद्यांची चिंता फारशी नसते, कारण तिथला पुरवठाही २२० ते २४० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचाच आहे. तिथे विकलेल्या वाद्याला योग्य पिनांची वायर लावली की काम भागते. खरा प्रश्न जपान आणि अमेरिका या दोन देशांतल्या मालाचा आहे आणि पुढील मजकूर मुख्यतः त्यासाठीच आहे.

पट्टीवर काय वाचावे

पट्टीवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असेल, तर वाद्यात किंवा त्याच्या अडॅप्टरमध्ये सर्व व्होल्टेजवर चालणारा स्विच-मोड पुरवठा आहे. अशा वेळी कोणत्याही ट्रान्सफॉर्मरची गरज नाही, आपल्या पिनांची चांगली वायर पुरेशी आहे. अलीकडच्या अनेक वाद्यांत अशी सोय असते.

पट्टीवर केवळ ‘१०० व्होल्ट’ असा एकच आकडा असेल, तर ते वाद्य जपानच्या बाजारासाठी बनवलेले आहे. ११०, ११५, ११७ किंवा १२० यांपैकी एखादा आकडा असेल, तर ते अमेरिकी बाजारासाठी आहे. हे चारही आकडे एकाच घराण्यातले आहेत आणि त्यांच्यात फारसा भेद करण्याचे कारण नाही. १०० मात्र त्या घराण्यातला नव्हे. या फरकाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

काही जुन्या यंत्रांच्या पाठीवर व्होल्टेज निवडण्याचा स्विच असतो, किंवा फ्यूजच्या खोबणीत फिरवून बसवायचा एक छोटा ठोकळा असतो. त्यावर २२०, २३० किंवा २४० असा पर्याय असेल, तर वायर काढून ठेवून तो पर्याय निवडावा आणि फ्यूजही त्या व्होल्टेजसाठी सांगितलेल्या मापाचा घालावा. ठोकळा फिरवला पण फ्यूज जुनाच ठेवला, तर संरक्षण अर्धेच राहते.

मॉडेलचे नाव पाहून किंवा माहितीपुस्तिका वाचून निष्कर्ष काढू नये. यामाहा डीएक्स७ किंवा रोलँड ज्युनो-१०६ यांसारखी १९८० च्या दशकातली यंत्रे वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मरसह बनत होती. त्यामुळे एकाच नावाची दोन यंत्रे शेजारी ठेवली, तर एक १०० व्होल्टचे आणि दुसरे २४० व्होल्टचे निघू शकते. आपल्या हातातल्या यंत्राची पट्टी सांगते तेच खरे. पट्टी खरवडली गेली असेल किंवा यंत्र आधी कुणी उघडून बदलले असल्याची शंका असेल, तर वीज न लावता ते जाणकार तंत्रज्ञाकडून उघडून पाहावे.

अडॅप्टरवर चालणारी वाद्ये

बेंजो पार्टीत किंवा छोट्या ऑर्केस्ट्रात वापरली जाणारी पुष्कळ वाद्ये बाहेरच्या अडॅप्टरवर चालतात आणि त्यांची अडचण सोडवणे सर्वांत सोपे असते. वाद्याला प्रत्यक्षात ९ किंवा १२ व्होल्टच हवे असतात, परदेशी असतो तो फक्त अडॅप्टर. तो १०० किंवा १२० व्होल्टचा असेल तर बाजूला ठेवावा आणि २३० व्होल्टवर चालणारा योग्य अडॅप्टर इथेच विकत घ्यावा. एका अडॅप्टरसाठी स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा, ट्रान्सफॉर्मर जवळ बाळगण्यात काही अर्थ नाही.

मात्र ‘योग्य’ या शब्दात पाच गोष्टी येतात आणि पाचही जुळल्याच पाहिजेत. पहिली गोष्ट म्हणजे अडॅप्टरमधून बाहेर येणारा प्रवाह एसी आहे की डीसी. वाद्याच्या जॅकजवळ एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी हवा, लाटेसारखी खूण असेल तर एसी हवा. बहुतेक वाद्ये डीसीवर चालतात, पण अलेसिसच्या जुन्या एसआर-१६ ड्रम मशीनला आणि डिजिटेकच्या जुन्या व्हॅमी पेडलला ९ व्होल्ट एसी लागतो. डीसीवर चालणाऱ्या वाद्याला एसी अडॅप्टर लावला तर आतले भाग जळण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. ते वाद्यावर लिहिलेले असेल तेवढेच असावे. तिसरी गोष्ट जॅकच्या मधल्या पिनेच्या धन-ऋणाची, आणि या बाबतीत कंपन्यांमध्ये एकमत नाही. बॉस आणि रोलँड यांच्या ९ व्होल्टच्या वाद्यांत परंपरेने मधली पिन ऋण असते. कॉर्गच्या छोट्या सिंथेसायझरांच्या व्होल्का मालिकेत ती धन असते, यामाहाच्या १२ व्होल्टच्या कीबोर्डांतही धनच असते. प्लग नीट बसला तरी धन-ऋण उलटे असू शकते, त्यामुळे एका वाद्याचा अडॅप्टर दुसऱ्याला लावण्याची चूक सहज घडते. वाद्यावर आणि अडॅप्टरवर छापलेली वर्तुळांची आकृती एकमेकींशी ताडून पाहिल्याशिवाय प्लग घालू नये, आणि शंका असेल तर मल्टिमीटरने मधल्या पिनेचे चिन्ह तपासावे.

चौथी गोष्ट प्रवाहाची. अडॅप्टरची क्षमता वाद्याच्या गरजेइतकी किंवा तिच्याहून जास्त असावी. जास्त अँपिअरच्या अडॅप्टरने वाद्य जळत नाही, कारण ते लागेल तेवढाच प्रवाह ओढते. कमी क्षमतेच्या अडॅप्टरने मात्र वाद्य मध्येच बंद पडते, आवाजात गुणगुण येते आणि अडॅप्टर तापतो. पाचवी गोष्ट प्लगच्या आतल्या भोकाची आहे. २.१ आणि २.५ मिलिमीटर ही दोन मापे बाहेरून सारखीच दिसतात, पण चुकीचे माप घेतल्यास प्लग ढिला बसतो किंवा आत जातच नाही. ढिल्या प्लगमुळे कार्यक्रमाच्या मध्यावर ऑक्टोपॅड बंद पडणे ही पथकांच्या ओळखीची तक्रार आहे, आणि अनेकदा तिचे मूळ एवढ्याशा फरकात असते.

स्वस्त स्विच-मोड अडॅप्टरबद्दल आणखी एक सांगणे आवश्यक आहे. दोन पिनांच्या अशा अडॅप्टरमधून अत्यल्प गळती प्रवाह वाद्याच्या धातूच्या भागांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे हाताला मुंग्या आल्यासारखे जाणवते आणि स्पीकरमधून बारीक कुईकुई ऐकू येते. चांगल्या बनावटीचा अडॅप्टर घ्यावा आणि वाद्य ज्या मिक्सरला किंवा अॅम्प्लिफायरला जोडले आहे, त्याचा तीन पिनांचा प्लग नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावावा. बहुतेक वेळा एवढ्याने दोन्ही त्रास कमी होतात.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर निवडताना

ज्या वाद्यात ट्रान्सफॉर्मर आतच बसवलेला आहे आणि जे फक्त १०० किंवा १२० व्होल्टवर चालते, त्याला बाहेरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. दुकानात जाऊन ‘२२० ते ११०’ असा ट्रान्सफॉर्मर मागितला की तो लगेच हातात पडतो. अमेरिकी वाद्यासाठी तो ठीक आहे. जपानी वाद्यासाठी तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण साध्या गणिताने पटते.

२२० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर येणाऱ्या दाबाला (व्होल्टेजला) बरोबर निम्मे करतो. आपल्या घरी रात्री उशिरा, परिसरातला वापर कमी झाल्यावर, २४० व्होल्ट येत असतील, तर त्यातून १२० व्होल्ट बाहेर पडतील. जपानमधल्या वीज कंपन्यांवर घरगुती पुरवठा १०१ व्होल्टच्या आसपास, म्हणजे ९५ ते १०७ व्होल्टांच्या दरम्यान, ठेवण्याचे बंधन आहे आणि तिथली यंत्रे त्या मर्यादा धरून बनवली जातात. १२० व्होल्ट म्हणजे ठरलेल्या दाबाहून २० टक्के जास्त.

या २० टक्क्यांनी आत काय होते, तेही पाहू. समजा, यंत्रात १५ व्होल्टचा स्थिर पुरवठा तयार करणारा रेग्युलेटर आहे आणि १०० व्होल्टवर त्याच्याकडे २० व्होल्ट येतात. मधले ५ व्होल्ट तो उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. बाहेरचा दाब १२० झाला की त्याच्याकडे २४ व्होल्ट येतात आणि त्याला ५ ऐवजी ९ व्होल्ट उष्णतेत घालवावे लागतात. अर्धा अँपिअर प्रवाह धरला, तर अडीच वॅटची उष्णता साडेचार वॅटवर जाते. दाब पाचव्या हिश्श्याने वाढला, पण उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. शिवाय २५ व्होल्ट क्षमतेचा कपॅसिटर आपल्या मर्यादेच्या अगदी काठावर येऊन बसतो. वाद्य त्या दिवशी उत्तम वाजते, पुढचे काही महिनेही वाजते, आणि मग चाळीस वर्षे टिकलेला भाग एखाद्या उन्हाळ्यात निकामी होतो. कारण कुणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून जपानी वाद्यासाठी २३० चे १०० करणाराच ट्रान्सफॉर्मर घ्यावा. तो तयार मिळाला नाही, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी केल्यास मागणीप्रमाणे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या कारागिरापर्यंत पोहोचता येते. तसा करवून घेताना प्रायमरीला, म्हणजे वीज आत येते त्या बाजूच्या वाइंडिंगला (तारेच्या वेढ्यांना), २२०, २३० आणि २४० अशी तीन टोके काढून मागावीत. आपल्या भागात नेहमी जो दाब येतो, त्याच्या जवळचे टोक वापरता येते आणि बाहेर १०० च्या आसपास व्होल्टेज मिळते.

क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये मोजली जाते आणि ती ठरवताना काटकसर करू नये. ज्या ज्या वाद्यांना एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालवायचे आहे, त्यांच्या पट्टीवरील वॅट एकत्र करावेत आणि येणाऱ्या बेरजेच्या दुपटीहून थोडी अधिक क्षमता घ्यावी. ३० वॅटचा सिंथेसायझर, १५ वॅटचे ड्रम मशीन आणि २० वॅटचे इफेक्ट युनिट मिळून ६५ वॅट होतात, तर १५० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा आणि निर्धास्त ठरतो. वॅटच्या आकड्याइतकीच क्षमता घेणे पुरत नाही, कारण वाद्यातला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) प्रवाह सलग न ओढता लाटेच्या माथ्यावर थोड्या वेळासाठी झटक्याने ओढतो आणि त्या झटक्यांचा भार ट्रान्सफॉर्मरवर पडतो. व्हॉल्व्हचे गिटार अॅम्प्लिफायर किंवा पॉवर्ड स्पीकर असतील, तर त्यांच्यासाठी वेगळा आणि मोठा ट्रान्सफॉर्मर ठेवावा.

प्रकार निवडताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच मागावा, म्हणजे ज्यात प्रायमरी आणि सेकंडरी या दोन स्वतंत्र वाइंडिंग असतात. ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि हलका असतो, पण त्यात एकच वाइंडिंग असून तिच्या मधून टोक काढलेले असते. तिचा सामाईक भाग कधी तुटला, तर उरलेल्या वेढ्यांतून पूर्ण २३० व्होल्ट वाद्यापर्यंत पोहोचतात. शिवाय वाद्याचा आणि घरातल्या लाइनचा थेट संबंध कायम राहतो. वाद्याची किंमत आणि वाजवणाऱ्याचा हात, दोन्हींचा विचार करता वजनाची आणि पैशाची ही बचत योग्य वाटत नाही.

एक प्रकार मात्र पूर्णपणे टाळावा. प्रवासात इस्त्री किंवा हेअर ड्रायर चालवण्यासाठी मिळणारे अतिशय हलके कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर नसतातच. ते विजेच्या लाटेचे तुकडे कापून सरासरी दाब कमी करतात. गरम होणाऱ्या तारेला ते चालते. वाद्यातल्या कपॅसिटरपर्यंत मात्र कापलेल्या लाटेचा माथा पोहोचतो, आणि २३० व्होल्टच्या लाटेचा माथा ३२५ व्होल्टांच्या जवळ असतो. पुडक्यावर १६०० वॅट लिहिलेले आहे आणि हातात घेतले तर वजन जेमतेम मोबाइलएवढे, असे दिसले की ते वाद्यासाठी नाही, हे ओळखावे.

जोडण्यापूर्वी मोजावे

ट्रान्सफॉर्मर घरी आणल्यावर वाद्य लगेच लावू नये. चांगल्या प्रतीच्या मल्टिमीटरचा एसीचा मोठा पल्ला निवडून प्रथम घरातल्या सॉकेटचे व्होल्टेज सकाळी, संध्याकाळी आणि रात्री मोजावे, म्हणजे आपल्याकडे ते किती वर-खाली होते, हे कळते. त्यानंतर ट्रान्सफॉर्मरचा दाब मोजावा. मोजताना प्रोबच्या धातूला बोटे लागू देऊ नयेत, एका वेळी एकच हात वापरावा आणि पायात चप्पल असावी.

भार नसताना ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज थोडे जास्त दिसते आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा फरक १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. त्यामुळे रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर १०६ दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. घरात जुना तारेचा ६० वॅटचा बल्ब असेल, तर तो होल्डरसह ट्रान्सफॉर्मरला लावावा. तो मंद पेटेल, पण तेवढा भार तपासणीला पुरतो. बल्ब चालू असताना १०० व्होल्टच्या यंत्रासाठी ९५ ते १०५, आणि अमेरिकी यंत्रासाठी ११० ते १२० या दरम्यान आकडा आला, तर वाद्य जोडायला हरकत नाही. अर्धा तास बल्ब चालू ठेवून ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहावा. कोमट झाला तर ठीक, हात ठेववेना इतका तापला तर तो परत करावा.

चालू करताना आधी ट्रान्सफॉर्मर आणि मग वाद्य, बंद करताना आधी वाद्य आणि मग ट्रान्सफॉर्मर, हा क्रम पाळावा. ट्रान्सफॉर्मर गिटारच्या पिकअपपासून आणि टेप मशीनपासून निदान मीटरभर दूर ठेवावा, अन्यथा त्याची ५० हर्ट्झची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

वाद्याला वेगळी होणारी वायर असेल, तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. वायरचे वाद्याकडील टोक जगभर सारखेच असते, त्यामुळे घरातल्या कुणीही कॉम्प्युटरची वायर काढून १०० व्होल्टच्या सिंथेसायझरला लावू शकतो. वाद्याच्या जॅकशेजारी ‘१०० व्होल्ट – ट्रान्सफॉर्मरवरच लावावे’ असे ठळक मराठीत लिहून चिकटवावे आणि ट्रान्सफॉर्मरनंतरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लाल रंगाचा पट्टा मारावा. कार्यक्रमाच्या गडबडीत सामान जोडणारी मुले नवी असतात, त्यांना ही पट्टीच सावध करते.

हर्ट्झचा प्रश्न

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना ५० हर्ट्झच राहतात. जपानी यंत्रांना याने सहसा काही होत नाही, कारण जपानमध्येच पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झची वीज आहे. फुजी नदी ही त्या दोहोंमधली ढोबळ सीमा मानली जाते. यामाहा आणि रोलँड यांची मुख्यालये ज्या हामामात्सु शहरात आहेत, ते या नदीच्या पश्चिमेला, ६० हर्ट्झच्या बाजूला येते. पण टोकियोत विकायचे म्हणजे ५० हर्ट्झवर चालणे भागच असते. म्हणूनच जपानी पट्टीवर ‘५०/६०’ लिहिलेले आढळते.

फक्त ‘६० हर्ट्झ’ लिहिलेल्या अमेरिकी यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरला ५० हर्ट्झवर गाभ्यात २० टक्के जास्त चुंबकीय भार सोसावा लागतो आणि तो अधिक तापतो. अशा यंत्राला १२० ऐवजी ११० व्होल्ट दिल्यास तो भार कमी होतो, आणि इथे ‘२२० ते ११०’ हा बाजारातला ट्रान्सफॉर्मर खरोखर उपयोगी पडतो. यंत्र सलग तासन् तास चालू ठेवू नये आणि त्याच्या पाठीमागे हवा खेळती ठेवावी.

विजेच्या वारंवारतेवरच ज्यांची मोटर फिरते, त्या वाद्यांना मात्र ट्रान्सफॉर्मरने कोणताही आराम पडत नाही. टोनव्हील, म्हणजे स्वर निर्माण करणारी फिरती चाके, असलेला जुना हॅमंड ऑर्गन हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. त्याची चाके सिंक्रोनस मोटरवर फिरतात आणि स्वर चाकांच्या वेगावर ठरतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ऑर्गन ५० हर्ट्झवर लावला, तर सगळे स्वर मूळच्या पाच-षष्ठांश होतात, म्हणजे कोमल गंधारातून जणू षड्ज ऐकू येतो. सगळा ऑर्गन तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त खाली उतरतो आणि त्या ‘किंचित’मुळे दुसऱ्या कोणत्याही वाद्याशी तो जुळत नाही. अशा ऑर्गनला ६० हर्ट्झची शुद्ध साइन लाट देणारा फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर लागतो, किंवा मग ५० हर्ट्झसाठी बनवलेला ऑर्गनच शोधावा लागतो. लेस्ली स्पीकरची फिरकी आणि सिंक्रोनस मोटरचा बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल यांचीही हीच स्थिती आहे. असा टर्नटेबल मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्या घेतो. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ सारख्या क्वार्ट्झवर नियंत्रित टर्नटेबलला ही अडचण येत नाही, त्याला केवळ व्होल्टेज जुळवावे लागते.

मंडप, जनरेटर आणि इन्व्हर्टर

घरातली वीज एकवेळ ओळखीची असते. गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा जत्रेतल्या स्टेजवर ती कुठून येते, हे विचारल्याशिवाय वाद्य लावू नये. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला, तर एखाद्या फेजवर २३० ऐवजी साडेतीनशे-चारशे व्होल्टांपर्यंत दाब चढू शकतो. त्यावेळी आपला ट्रान्सफॉर्मर १०० ऐवजी दीडशेहून जास्त व्होल्ट पुढे ढकलेल. दिवे अचानक प्रखर होणे, पंखे जोरात फिरणे किंवा एका रांगेतले दिवे मंद आणि दुसऱ्या रांगेतले तेज होणे, ही त्याची चिन्हे आहेत. तसे दिसले तर आधी प्लग काढावा, कारण नंतर शोधावे.

जनरेटरवर वाद्य लावताना तो सुरू होऊन स्थिर होईपर्यंत थांबावे आणि सॉकेटवर मल्टिमीटर लावून पाहावे. दाब फार हलत असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच्या आधी एक चांगला स्टॅबिलायझर लावावा. त्यातही जास्त आणि कमी व्होल्टेजला लाइन तोडणारी सोय असलेला घ्यावा. स्टॅबिलायझर २३० च्या बाजूला, ट्रान्सफॉर्मर त्याच्यानंतर आणि वाद्य शेवटी, असा क्रम ठेवावा.

घरातल्या इन्व्हर्टरबद्दल एवढेच सांगतो की, तो शुद्ध साइन लाट देणारा असेल तरच त्याच्यावर ट्रान्सफॉर्मरसह वाद्य चालवावे. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो आणि ती गुरगुर आवाजातही उतरते.

आतला ट्रान्सफॉर्मर बदलायचा असेल तर

एखादे वाद्य आयुष्यभर इथेच वापरायचे असेल, तर बाहेरचा डबा बाळगण्यापेक्षा आतला वीजपुरवठा २३० व्होल्टचा करून घेणे सोयीचे असते. हे काम वीजपुरवठ्याचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञानेच करावे, कारण प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये धक्का बसेल इतका विद्युतभार राहू शकतो.

तरीही काम सोपवताना काय विचारायचे, हे मालकाला माहीत असावे. काही अमेरिकी यंत्रांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ११५ व्होल्टच्या दोन प्रायमरी वाइंडिंग समांतर जोडलेल्या असतात. त्या एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या की तोच ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा होतो. मात्र एक वाइंडिंग उलटी जोडली गेली, तर प्रवाह प्रचंड वाढतो, म्हणून पहिली चाचणी बल्ब सिरीजमध्ये ठेवूनच करावी. जपानी यंत्रांत अनेकदा एकच प्रायमरी असते आणि तिथे ट्रान्सफॉर्मर पूर्ण बदलावा लागतो.

एवढ्याने काम संपत नाही. जपानी यंत्रातला पॉवर स्विच, मुख्य लाइनवरचे कपॅसिटर आणि व्होल्टेजचे झटके शोषणारा व्हॅरिस्टर हे अनेकदा १२५ व्होल्टपुरतेच असतात. ट्रान्सफॉर्मर बदलून हे भाग तसेच ठेवले, तर पुढचा भडका तिथेच उडेल. ते सगळे २५० व्होल्टचे किंवा त्याहून जास्त क्षमतेचे बसवावेत. फ्यूजचे मापही बदलते. त्याच वाद्याला २३० व्होल्टवर १०० व्होल्टच्या निम्म्याहून कमी प्रवाह लागतो, त्यामुळे १ अँपिअरच्या जागी अर्धा अँपिअरचा सावकाश जळणारा फ्यूज योग्य ठरतो. जुनी पट्टी झाकून नवी, ‘२३० व्होल्ट’ लिहिलेली पट्टी लावून घ्यावी, म्हणजे पुढचा मालक त्याला चुकून १०० व्होल्ट देणार नाही. काढलेला मूळ ट्रान्सफॉर्मर जपून ठेवावा, जुन्या वाद्यांच्या संग्राहकांना त्याचे मोल वाटते.

इथून तिकडे नेताना

अमेरिकेत स्थायिक झालेले कितीतरी मराठी कलावंत इथून इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा तबल्याचे यंत्र नेतात. त्यांनाही आधी पट्टीच वाचावी लागते. ‘१००–२४०’ असेल तर तिकडची वायर पुरते. फक्त २३० असेल, तर ते १२० वर जळत नाही, पण क्षीण चालते किंवा सुरूच होत नाही. अशा यंत्राला अडॅप्टर असेल, तर त्याच व्होल्टेजचा, त्याच धन-ऋणाचा अडॅप्टर तिकडे घ्यावा. वीजपुरवठा आत असेल, तर १२० चे २३० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. ५० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झवर उलट थोडा थंडच राहतो, त्यामुळे त्या बाबतीत काळजी नाही. स्टेप-अपवर जोडलेल्या बोर्डात मात्र तिकडचे एकही १२० व्होल्टचे उपकरण लावले जाणार नाही, याची खबरदारी घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावी.